लाथ मारून पाया पडणारा

प्रमाणित करण्यात येते की, श्री. व्यंकटी सटवाजी ढगे, वय चौतीस, धंदा शेती व कराटे, राहणार मौजे पेडगाव, तालुका व जिल्हा परभणी, हे सदर गावचे कायम रहिवासी असून त्यांची वर्तणूक आमच्या माहितीप्रमाणे चांगली आहे. बांधा सडपातळ, वर्ण सावळा. ओळखीची खूण : डाव्या नडगीवर बाभळीच्या खोडाचा व्रण, जो सदर इसम स्पर्धेतला असल्याचे सांगतो. वैवाहिक स्थिती : अविवाहित, बाब मातोश्रींच्या विचाराधीन. काळा पट्टा : आहे. पट्टा देणारी संस्था : नाही. म्हणजे होती, आता तिथे फर्निचरचं दुकान आहे. सबब दाखला दिला असे.

यातलं काही खोटं नाही. पण हा दाखला हातात धरून पेडगावात व्यंकटीचं घर शोधायला गेलात तर सापडायचं नाही. "लात मारून पाया पडतो त्याचं घर" असं विचारलं, की कोणीही दारापर्यंत आणून सोडतं आणि चहासाठी थांबतं.

व्यंकटी कराटे शिकला परभणीत, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात मुक्काम वाढला होता तेव्हा. तिथल्या सरांचा एक नियम होता. लाथ समोरच्याच्या छातीपासून चार बोटं अलीकडे थांबवायची. ज्याची थांबते तो खरा गडी. व्यंकटीची थांबायची. इतकी सुबक थांबायची, की सर इतरांना दाखवायला त्यालाच पुढे बोलवत. गावी परत आल्यावर त्याने सराव केला तो भुशाच्या पोत्यावर आणि बांधावरच्या बाभळीवर. थोडक्यात, काळा पट्टा कमरेला बांधून वर्षं लोटली, तरी व्यंकटीची लाथ जिवंत माणसाला कधी लागलेलीच नव्हती. ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. येण्याचं कारणही नव्हतं.

त्याचं दुसरं शिक्षण त्याच्या आधीचं, घरचं. चुकून कोणाला पाय लागला, तर वाकून त्या माणसाला हात लावायचा आणि तोच हात आपल्या छातीला लावायचा. हे आपल्याकडे सगळ्यांनाच शिकवतात, पण नर्मदाबाईंनी आपल्या एकुलत्या एक पोराला ते हातात उलथनं घेऊन शिकवलं होतं. माणूस असो, वही असो, केरसुणी, सूप, परातीतलं पीठ, कशालाही पाय लागो. उंबऱ्याला ठेच लागून अंगठ्याचं नख निघालं, तरी त्या म्हणायच्या, "आगुदर पाया पड, मंग रड."

ही दोन्ही शिक्षणं व्यंकटीच्या अंगात शेजारी-शेजारी राहत होती आणि त्यांची ओळख नव्हती.

गावात त्याने क्लास काढला तो सोसायटीच्या रिकाम्या गोदामात. चेअरमन तात्याराव मनाने उदार होते, पण मुदतीपुरते. "व्यंकट्या, गुढीपाडव्यापस्तोर वापर," ते म्हणाले. "पोरं जमली तर गोदाम तुझं. न्हाई जमली तर हरभऱ्याची पोती तरी टाकता येतेल. पोत्याचं एक बरं असतंय, ते दांड्या मारीत न्हाईत."

पोरं जमली ती चार. दोघं मारामारी शिकायला आली होती, एक वजन कमी करायला, आणि चौथ्याच्या घरी नेमकी त्याच वेळेला पाणी भरायची पाळी असे. मुलगी एकही नाही. व्यंकटीला खरं तर मुलीच हव्या होत्या. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि मोठ्या मुली शाळेसाठी आजीपाशी मागे राहतात. त्यांनी दोन हात शिकावेत, असं त्याला फार वाटे. त्यासाठी तो घरोघर फिरला. छबूबाईच्या दारातही उभा राहिला. छबूबाई आणि तिचा नवरा दरसाल कोयता घेऊन तोडीला जायचे. थोरली प्रियंका इथेच राहायची.

"छबूवहिनी, पोरीला पाठवा. फी नका देऊ."

"फीचं न्हाई हो व्यंकटीभाऊ. पर पोरीच्या जातीनं माणसाला पाय लावायचा म्हंजे काय? उद्या सासरी गेली आन सवयीनं सासऱ्याला लात बसली, तर तुमी येताल का समजूत घालायला?"

व्यंकटी पुढच्या दारी गेला. बाकीच्या आयांचंही म्हणणं हेच. फक्त छबूबाईसारखी भाषा सगळ्यांकडे नव्हती.

तेव्हा जीवनने सिनेमाची कल्पना काढली. जीवन परभणीत लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. हजारो वरमाला टिपून त्याला माणसांचा स्वभाव कळला होता, असं त्याचं म्हणणं होतं. "भाऊ, लोक वाचत न्हाईत आन ऐकत बी न्हाईत. बघतेत," तो म्हणाला. "तू एकदा पडद्यावर लात मारलीस की तुझं गोदाम भरून वाहील." व्यंकटीला ते पटलं. क्लास टिकवायचा तर आता हाच मार्ग, हे त्याने मनाशी पक्कं केलं आणि बैलाच्या जोडीतला एक बैल विकला. दुसरा पुढच्या आठवड्यात आपोआप विकावा लागला.

सिनेमाचं नाव 'सुडाची लाथ'. बापाची जमीन बळकावणाऱ्या पाटलावर मुलगा सूड उगवतो, एवढीच कथा. विनोदाचा एकही प्रसंग लिहिलेला नव्हता. जीवनला विनोद आवडायचाच नाही, त्याने लग्नांत पुष्कळ पाहिला होता. पाटील झाले दिनकरराव. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, मिशी आणि दुमजली घर अशी खलनायकाची दोन्ही सामग्री बाळगून असलेले, आणि लांबच्या नात्याने व्यंकटीचे मामा. पाटलाचे गुंड म्हणून तरणी पोरं हवी होती, पण गावातली तरणी पोरं पुण्याला कंपनीत आणि उरलेली भरतीच्या तयारीत. मग गुंड म्हणून भजनी मंडळच घेतलं. म्होरक्या झाले पखवाज वाजवणारे रंगनाथकाका.

पहिल्याच दिवशी अडचण आली. लाथ छातीपासून चार बोटांवर थांबली आणि रंगनाथकाका पडले. जीवनच्या कॅमेऱ्यात मात्र लाथ परभणीत आणि काका पेडगावात दिसायला लागले.

"भाऊ, लागू दे," जीवन म्हणाला. "हळू लागू दे, पर लागू दे."

"म्हाताऱ्या माणसायला?"

"मार रे," रंगनाथकाका म्हणाले. "रात-रात पखवाज कुटून बरगड्या आखडल्यात. तेवढंच चेपून निघंल."

व्यंकटीने मारली. काका पडले. व्यंकटी वाकला, काकांच्या पायाला हात लावला, तो छातीला लावला आणि पुढच्या गुंडाकडे वळला. मरून पडलेले काका म्हणाले, "राहू दे, राहू दे." कोणी 'कट' म्हटलं नाही. कोणाला काही दिसलंच नाही. पाय लागला, पाया पडला. यात बघण्यासारखं काय होतं? जमलेल्या गावात एकही माणूस असा नव्हता, की ज्याला ते वावगं वाटावं. न वाकता तो तसाच पुढे गेला असता, तर मात्र चार बाया नक्की कुजबुजल्या असत्या.

असं सगळं भजनी मंडळ आडवं झालं. शेवटची मारामारी खळ्यावर. दिनकररावांनी दोन्ही हात वर करून पाटलाचं गडगडाटी हास्य केलं, व्यंकटीने बापाच्या नावाने आरोळी ठोकली आणि उडी मारून छातीत लाथ घातली. दिनकरराव कडब्याच्या गंजीवर कोसळले. व्यंकटी गंजीपर्यंत गेला, वाकला, मामांच्या पायाला हात लावून छातीला लावला. "असू दे, असू दे," प्राण सोडता-सोडता दिनकरराव म्हणाले, "औक्षवंत व्हय." जीवनने हे सगळं लग्नाच्या सवयीने जवळ जाऊन टिपलं. कोणी थोरांच्या पाया पडायला लागलं की त्याचा कॅमेरा आपसूक पुढे सरकत असे.

थिएटर मिळणार नव्हतंच. डीव्हीडीचा धंदाही शेवटच्या घटका मोजत होता, पण तालुक्याच्या बसस्टँडवर तेव्हा अजून दोन-चार टपऱ्या डीव्हीडी विकत आणि मोबाइलची कार्डं भरून देत. जीवन सिनेमा घेऊन पुण्याच्या एका व्हिडिओ कंपनीत गेला. तिथले साहेब पुणेरी, चष्मेवाले, फायलीत नाक खुपसून बघायला लागले. पहिल्या नमस्काराला त्यांनी मान वर केली. तिसऱ्याला शिपायाला आत बोलावलं. "औक्षवंत व्हय"ला त्यांचा चष्मा टेबलाखाली गेला.

"अहो, काय कॉमेडी केलीय तुम्ही!" ते डोळे पुसत म्हणाले. "आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता. हे लिहिलं कोणी?"

जीवनला आधी राग आला. मग त्याने जन्मात पहिल्यांदा स्वतःचा सिनेमा पाहिला. "तेच तर आपलं वैशिष्ट्य हाय, सर," तो म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात डीव्हीडीचा खोका गावात आला. व्यंकटीने नर्मदाबाईंकडून खोक्याला हळदकुंकू लावून घेतलं आणि उघडला. वर चित्र होतं ते कडब्याच्या गंजीचं, वाकलेल्या व्यंकटीचं. नाव होतं 'लाथ घ्या, नमस्कार घ्या'. खाली ठसठशीत अक्षरात लिहिलेलं : मारधाड आणि धमाल विनोद, हसून हसून पुरेवाट. व्यंकटीने चित्र उलट-सुलट करून पाहिलं. चुकून दुसऱ्याच सिनेमाला आपला फोटो लागला असावा, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी ओट्यावर टीव्ही मांडला. अर्धं गाव बसलं. गंमत अशी, की पहिला नमस्कार झाला तरी कोणी हसलं नाही. दुसऱ्यालाही नाही. पण कव्हर हातोहात फिरत होतं आणि त्यावर विनोदी लिहिलेलं होतं. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत जे लिहिलंय ते असलंच पाहिजे, या न्यायाने लोक विनोद शोधायला लागले. तो छबूबाईला पहिल्यांदा सापडला. "अगं बया, गुंडाच्या पाया पडायलाय की ह्यो!" ती ओरडली, आणि ओटा फुटला. त्यानंतर व्यंकटीचा पाय उचलला जायचा अवकाश, गाव अगोदरच "पाया पड, पाया पड" म्हणू लागलं. रंगनाथकाकांना आपला आवाज सिनेमात आल्याचा एवढा आनंद झाला, की ते प्रत्येक वेळी पडद्याबरोबर स्वतःही "राहू दे" म्हणत होते.

एकट्या नर्मदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता. "माझं लेकरू," त्या शेजारणीला म्हणाल्या, "बगा, सिनेमात गेलं तरी इसरलं न्हाई."

व्यंकटी गोठ्यात जाऊन बसला होता. बैल नसल्यामुळे तिथे जागा पुष्कळ होती.

त्याने सगळं लावलं होतं ते क्लाससाठी आणि क्लासच गेला. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वाटेवर पोरं एकमेकांना लाथा मारून पाया पडायला लागली. चारातले दोघं यायचे बंद झाले. मारामारी शिकायला आलेले तेच. पाणी भरणारा तेवढा नेमाने येऊ लागला, कारण त्याला हसू आवरायला चार भिंतींचा आडोसा लागत होता. व्यंकटीने जीवनला फोन केला.

"भाऊ, सिनेमा चालायलाय!" पलीकडून जीवन म्हणाला.

"तो चालायलाय रे. मी कुठं चालू आता?"

दिवाळीनंतर ट्रक लागले आणि माणसं तोडीला गेली. मोबाइलच्या कार्डात सिनेमा त्यांच्याबरोबर गेला. सांगलीकडून, कोल्हापूरकडून फोन यायला लागले. "व्यंकटीभाऊ, कोपीत रोज लावायलाव. दिसभर मोळ्या उचलून कंबरडं मोडतंय, तुमचं बघितलं की बरं वाटतंय." पाचटाच्या खोपटात, फाटक्या ताडपत्रीखाली, थंडीत माणसं आपल्याला बघून हसतात, हे व्यंकटीला समजत होतं. त्यांचा राग येईना, हीच त्याची पंचाईत. तो "हां, हां" म्हणायचा आणि फोन ठेवायचा.

त्या हिवाळ्यात त्याने एकच सराव केला. उजवा हात पट्ट्यात खोचून पोत्याला लाथा मारायच्या. हात सुटायला धडपडायचा. संक्रांतीपर्यंत पट्ट्याची शिवण उसवली. होळीच्या आसपास एकदा चक्क लाथ बसली आणि हात जागचा हलला नाही. व्यंकटी पोत्याकडे बघत उभा राहिला. आयुष्यात काही कमावल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण रात्री जेवताना त्याने कारण नसताना ताटाला नमस्कार केला.

पाडवा जवळ आला, तसे तात्याराव टेप घेऊन गोदामात आले. मापं घेताना ते व्यंकटीशी फार आदराने बोलत होते. त्यावरूनच काय ते कळत होतं. "तुझी काई चूक न्हाई लेका," ते म्हणाले. "हरभराच औंदा लय झालाय."

माणसं तोडीहून परतली. दुसऱ्याच दिवशी छबूबाई गोदामाच्या दारात. मागे प्रियंका. आता काय ऐकावं लागणार, म्हणून व्यंकटीने चटई गुंडाळायला घेतली.

"सर, चटई राहू द्या," छबूबाई म्हणाली. "पोरीला आणलंय."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? शिकवा की."

"वहिनी, चेष्टा पुरी करा. हसलाव तेवढं बास."

"हसलाव तर हसलाव. हसायजोगं होतं मंग काय रडावं? पर सर, शंभर बार बगितलं आमी. पयल्यांदा हसू आलं, मंग नुस्तं बगतच ऱ्हायलाव. आमच्या टोळीतला म्हातारा म्हनला, ह्या गड्याची लात हाय, पर मस्ती न्हाई. अशी लात पोरीनं शिकली तर काय बिघडंल?"

"ते चुकून झालंय," व्यंकटी म्हणाला. त्याला हे स्पष्ट सांगणं इमानाचं वाटलं. "कराटेत तसं नसतंय. खाली वाकला की माणूस मार खातो. मी बी आता सोडलंय ते."

"मंग परत धरा. आमाला काय पोरगी परदेशात खेळाया धाडायची हाय?" छबूबाईचा आवाज खाली आला. "सर, पाच म्हैने आमी तिकडं आन ही इकडं सासूपशी. शाळा सुटली की फाट्यावर एकटी उतरती. तिकडं कोपीत पडलं की डोळ्याला डोळा लागत न्हाई माझ्या. हिचा बाप म्हनतो, लगीन लावून टाकू. मी म्हनलं, एक साल थांबा, व्यंकटीसरकडं घालते. तर म्हनला, लाता मारायला? मी म्हनलं, तसल्या न्हाई, पाया पडायच्या. तवा कुठं गप बसला."

प्रियंका जमिनीकडे बघत होती. हसू आवरत होती की आणखी काही, ते सांगता येत नाही.

व्यंकटी घरी गेला आणि आईला म्हणाला, "जे सोडायला मी पाच म्हैने मेलो, तेच शिकवा म्हणतेत."

"मंग शिकीव की," नर्मदाबाई भाकरी उलटत म्हणाल्या. "जगाला पैशे देऊन येत न्हाई, तुला माझ्याकडून फुकट आलंय."

दुसऱ्या दिवसापासून पेडगावच्या गोदामात एक नवी शैली सुरू झाली. लाथ, वाकणं, हात, छाती, वळणं. मुली खळखळून हसत शिकल्या; व्यंकटी मान खाली घालून शिकवायचा, पण वाकण्यात कसर राहिली तर पुन्हा करायला लावायचा. छबूबाईने बाकीच्या आयांना काय सांगितलं ते तिलाच ठाऊक. पाडव्याला तात्याराव हरभऱ्याच्या पोत्यांसह आले, तर गोदामात उभं राहायला जागा नव्हती. ते दारातच थांबले. त्यांची नातही आत होती आणि नेमकी तेव्हा कोणाला तरी लाथ मारत होती. "हां," तात्याराव म्हणाले, "पर नमस्कार नीट कर, बाई." पोती परत गेली.

वर्षभराने क्लास मोठा झाला, तेव्हा व्यंकटीने एका कराटे संघटनेकडे मान्यतेसाठी अर्ज केला. पाहणीला एक गृहस्थ आले. त्यांनी धप, नमस्कार, धप, नमस्कार असा सगळा सराव शांतपणे पाहिला, चहा घेतला, चांगला होता असं सांगितलं आणि गेले. मग पत्र आलं :

"विषयांकित प्रकरणी कळविण्यात येते की, आपल्या प्रशिक्षण वर्गात प्रत्येक प्रहारानंतर प्रतिस्पर्ध्यास नमस्कार करण्याची पद्धत आढळून आली. सदर पद्धत कोणत्याही मान्यताप्राप्त शैलीत समाविष्ट नसून, स्वसंरक्षणाच्या दृष्टीने ती पूर्णतः निरुपयोगी असल्याचे आमचे मत झाले आहे. सबब आपला प्रस्ताव अमान्य करण्यात येत आहे. याची नोंद घ्यावी."

त्याच आठवड्यात फाट्यावर एका कॉलेजच्या मुलाने प्रियंकाची ओढणी ओढली. तिने त्याला एक लाथ मारली आणि शिकवल्याप्रमाणे वाकून नमस्कार केला. तो मुलगा हल्ली एक फाटा अलीकडेच उतरतो.